फक्कीचं घर

पेडगावच्या बाहेर आमची मोकळी जागा होती. मी नववीत असताना तिथं घर बांधायचं ठरलं. एका सकाळी वडलांनी घमेल्यात चुन्याची फक्की आणली आणि जमिनीवरच घराच्या रेघा मारल्या. पुढं ओसरी, मधी दोन खोल्या आणि अगदी मागं स्वयंपाकघर. आई थेट त्या स्वयंपाकघरात जाऊन मांडी घालून बसली. जरा वेळानं म्हणाली, "इथून मला माणूसच दिसत न्हाई. चूल पुढं घ्या."

"पाव्हण्यांसमोर चूल?" वडील म्हणाले.

"मग पाव्हण्यांना मागं बसवा!"

वडील हसले. पायानं रेघ पुसून त्यांनी स्वयंपाकघर ओसरीला लागून आखलं. मागची जागा रिकामी झाली, तशी मी धीर करून म्हणाले, "ती खोली मला द्या, अभ्यासाला." दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि हो म्हणाले. मी उडीच मारली! वडील फक्की घेऊन माझ्या खोलीकडं निघाले, तर आई ओरडली, "अवो, भिंतीतून कुठं चाललाव? दारातून जा की!"

वडील खरंच मागं फिरले आणि दारातून आत आले.

"खिडकी कुठं पायजे तुला?" त्यांनी विचारलं.

मी हरभऱ्याच्या रानाकडं बोट दाखवलं.