फिदेन्सिओचे नव्वद ग्रॅम

इस्तापालापातल्या आमच्या गल्लीने बॉक्सिंगला तीन माणसं दिली. एक दारूत गेला, एक पोलिसात गेला आणि तिसरा फिदेन्सिओ शोलाल्पा. उंची पाच फूट एक इंच. रिंगणात त्याला ‘ढेकूण’ म्हणत. नाव ठेवलं वस्ताद मेलितोननी. म्हणाले, “दिसत नाही, पण झोपू देत नाही.” आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

सतराव्या वर्षी तो फ्लायवेट या वजनगटात पहिली लढत खेळला आणि गुणांवर हरला. वस्तादांनी त्याला एक गट खाली उतरवलं. तिथली वजनाची मर्यादा एकोणपन्नास किलोला बारा ग्रॅम कमी. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही, घरात खायलाच तेवढं असायचं. पण पुढे लग्न झालं, ओतिलियाच्या हाताला चव निघाली आणि त्याचे हाल सुरू झाले. त्यात नोकरी गेनारोच्या तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानात. सकाळपासून दुपारपर्यंत तो गरम तोर्तियांच्या वाफेत उभा राही आणि लढत जवळ आली की त्यातली एकही तोंडात घालत नसे.

मी न्हावी. लढतीच्या दिवशी त्याच्या कोपऱ्यात बादली आणि टॉवेल माझ्याकडे. पण साडेतीन वर्षं या माणसाने माझ्या खुर्चीत बूड टेकवलं नव्हतं. ओतिलियाची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी फिदेन्सिओ आमच्या देवळातल्या येशूपुढे गुडघे टेकून म्हणाला, की हे मूल जगू दे, ते तीन वर्षांचं होईपर्यंत केसांना कात्री लावणार नाही, मग सगळे तुझ्या टोपासाठी देईन. आमच्या येशूच्या मूर्तीचा टोप खऱ्या केसांचा असतो आणि दर काही वर्षांनी तो विरळ होतो. मुलगी झाली, आंपारो. मी तिचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, त्यामुळे नवसाबद्दल मला काही बोलताही येईना.

केस वाढले, पाठीपर्यंत आले. ओतिलिया लढतीआधी त्यांची घट्ट वेणी घालून ती मानेवर शिवून टाकायची. प्रेक्षक ओरडायचे, “ए ताई, घरी तोर्तिया कोण भाजतंय?”

“मीच,” फिदेन्सिओ म्हणायचा आणि घंटेची वाट बघायचा. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

त्या साडेतीन वर्षांत तो अकरापैकी दहा लढती जिंकला. अकरावी बरोबरीत सुटली, कारण पंच समोरच्या पोराच्या गावचा होता. शेवटी राष्ट्रीय खिताबाची लढत मिळाली. आंपारोला तीन वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा पाच आठवडे बाकी होते.

तो रोज गेनारोच्या दुकानात वजन करायचा. तिथे दोन काटे. एक पुढे, तोर्तिया विकायचा. एक मागे, मक्याची पोती घ्यायचा. फिदेन्सिओ मागच्या काट्यावर उभा राही, माणसाला पेलणारा तोच होता. लढतीच्या आदल्या दिवशी काटा बरोबर मर्यादेवर आला, म्हणून तो अर्धा पेला पाणी प्यायला. आता, गेनारोचा पुढचा काटा वजन जास्त दाखवतो आणि मागचा कमी, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण काटा मक्याला फसवतो तसा बॉक्सरलाही फसवेल, हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी अधिकृत वजन झालं. सातशे ग्रॅम जास्त.

नियमाप्रमाणे दोन तास मिळतात. त्याने प्लास्टिकचा अंगरखा घालून दोरीवर उड्या मारल्या, तोंडात च्युइंगगम ठेवून बाटलीत थुंकला, गरम पाण्याच्या नळाखाली बसला. शेवटी वस्तादांनी आणि मी टॉवेल धरला आणि तो त्यामागे काट्यावर नागडा उभा राहिला. नव्वद ग्रॅम जास्त. वीस मिनिटं उरली होती आणि त्याच्या अंगातून निघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला रडू येत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग वेणीकडे पाहिलं. तोवर मी पंचवीस वर्षं केस कापत आलो होतो. ती वेणी सव्वाशे ग्रॅमची होती, वर एक ग्रॅम नाही.

“काप,” वस्ताद म्हणाले.

“नाही,” फिदेन्सिओ म्हणाला.

“अरे पाच आठवड्यांचा तर प्रश्न! देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय?”

“मी बसलोय ना.”

“गाढवा, एवढ्यासाठी तेरा वर्षं नाक फोडून घेतलंस?”

“वस्ताद, ते केस माझे नाहीत. मी नुसते सांभाळतोय.”

एवढं बोलून तो बाकावर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. वस्तादांनी मला खूण केली. मी कात्री काढली. लाजायचं कशाला, मला तो खिताबाचा पट्टा आमच्या गल्लीत हवा होता. माझ्या दुकानाच्या भिंतीवर त्याच्या फोटोसाठी मी जागासुद्धा ठेवली होती. मी वेणी हळूच उचलली.

“मास्तर,” तो डोळे न उघडता म्हणाला, “तुमच्या कात्रीला तेल घाला. आवाज येतो.”

“फक्त टोक कापतो रे.”

“तुम्ही आंपारोचे धर्मपिता आहात. कापा. मग जाऊन ओतिलियाला तुम्हीच सांगा.”

मी कात्री खिशात ठेवली. वस्ताद मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लढत झाली, पण त्याचं वजन जास्त भरल्यामुळे खिताब पणाला न लावता. आठव्या फेरीत फिदेन्सिओने डाव्या हाताचा ठोसा यकृतावर मारला आणि राष्ट्रीय विजेता खाली बसला. दहापर्यंत आकडे मोजून झाले तरी तो बसलेलाच होता. पंचाने फिदेन्सिओचा हात वर केला. मग दोघांनी विजेत्याला उभं केलं, पट्टा त्याच्या कमरेला बांधला आणि तो तोल जाऊन पडू नये म्हणून त्याला धरून ठेवलं. फिदेन्सिओने त्याचं अभिनंदन केलं. मी बादलीवर बसून ढसाढसा रडलो.

त्या विजेत्याने त्याला पुन्हा कधी आव्हान देऊ दिलं नाही. शहाणा माणूस होता. पाच आठवड्यांनी मी देवळाच्या दारात ती वेणी कापली आणि टोप शिवणाऱ्या बाईच्या हातात दिली. फिदेन्सिओ आणखी सात वेळा लढला, चार वेळा हरला आणि हातमोजे खुंटीला टांगून पूर्ण वेळ तोर्तिया भाजू लागला. भिंतीवरची ती जागा मी बरीच वर्षं रिकामी ठेवली. मग तिथे पंखा बसवला.

मला त्याचा राग होता. अजूनही थोडा आहे. गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना मी तो पुन्हा काढला. आंपारो आता शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तिचा देवावर विश्वास नाही. ती रस्सा वाढत होती.

“मास्तर बरोबर म्हणतात, बाबा,” ती म्हणाली. “कापायला हवे होते. केसांचा आणि माझ्या जगण्याचा काय संबंध? आज चॅम्पियन असता.”

“असतो,” फिदेन्सिओ म्हणाला. “पण तेव्हा तुला पाचव्यांदा न्यूमोनिया झाला होता. तू दवाखान्यात होतीस.”

ओतिलिया चुलीकडे वळली. हे मला माहीत नव्हतं, लढतीच्या गडबडीत त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी बाकावर त्याने मला फक्त कात्रीला तेल घालायला सांगितलं होतं.

आंपारोने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ते शास्त्राला धरूनच असणार. पण तिने बापाच्या वाडग्यात आणखी एक पळी रस्सा घातला.