बिननावाची भांडी

कुंभकोणम्‌मधल्या निम्म्या घरांतल्या भांड्यांवर आमच्या ह्यांच्या हातची नावं आहेत, आणि माझ्या स्वयंपाकघरात साध्या पळीवरसुद्धा नाव नव्हतं. सांगायची लाज वाटावी, पण खरं आहे.

मोठ्या बाजारात चेट्टियारांचं पितळी भांड्यांचं दुकान. त्याच्या ओट्यावर गोणपाट टाकून हे बसायचे. पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात छिन्नी आणि बोटाएवढी हातोडी. गिऱ्हाईक भांडं घेई, नाव सांगे, आणि हे टिकटिक करत ते नाव भांड्यावर घालून देत. मजुरी अक्षरामागे अर्धा आणा. गोपालकृष्ण नावाचा एखादा बाबा चार घागरी घेऊन गेला की त्या दिवशी आमच्या पानात भाज्या दोन. दुकानात दिवसभर तमिळ आणि उंबरठा ओलांडला की आपली मराठी, असं आमचं चालायचं.

मी सारखी मागे लागायची. "अहो, दुनियेच्या भांड्यांवर नावं घालता, माझ्या चार तपेल्यांवर घाला की! पंगतीला भांडी दिली की परत येताना दुसऱ्याचीच येतात. साक्कोट्टैच्या मुंजीत माझा चांगला झारा गेला, अजून जिवाला लागलाय."

हे गालात हसायचे. "गिऱ्हाईकानं नाव सांगायचं आणि मी घालायचं, असा आमच्या धंद्याचा रिवाज. सांग नाव."

आता भांड्यावर घरधन्याचं नाव असतं, आणि नवऱ्याचं नाव बायको घेते का कुठे? मी पदर खोचून फणकाऱ्यानं आत जायची. तसं ह्यांनी तरी माझं नाव कधी घेतलं होतं म्हणा! 'अगं' आणि 'ऐकलंस का', एवढ्यावर संसार झाला. मग मी आपली भांड्यांचे पोचे लक्षात ठेवायची. उजवीकडे पोचा आहे ती माझी परात, कान वाकडा आहे ते माझं पातेलं.

आम्हांला एकच लेक, महालक्ष्मी. ती झाली त्या वर्षापासून ह्यांनी एक नेम धरला. दिवाळीला चेट्टियार नोकरांना बक्षीस देत, तर हे पैसे न घेता एक भांडं घेत. कधी घागर, कधी समई, कधी काप्पीसाठी टंबलर-डवऱ्यांचा, म्हणजे पेला-वाटीचा, जोड. जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवायचं, पोरीच्या लग्नासाठी. वर्षाला एक अशी सतरा झाली. त्यांच्यावरही नाव नाही! म्हटलं, अहो, लेकीच्या भांड्यांवर तरी घाला. तर म्हणे, घालू की, घाई काय आहे.

घाई नसायला काय झालं? पोर पंधराची असताना तिरुविडैमरुदूरहून एक स्थळ आलं. आमच्यात मुलगी बघायला आले की भांडी ओसरीवर मांडायची रीत. मुलाच्या आईनं परात उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाली, "नाव कसं नाही हो? उसनी आणून मांडलीत की काय?" मेलं, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. स्थळ गेलं ते गेलंच. त्यावर मी ह्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. हे आपले छिन्नीला धार लावत बसले, जसं काही परात दुसऱ्याच कोणाची होती.

महालक्ष्मी मात्र त्या दिवसापासून जास्तच पुस्तकात डोकं घालून बसली. त्रेपन्न साली इंटर पास झाली, आणि आषाढात मद्रासच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र आलं. हे पत्र हातात धरून उभेच राहिले. मग विठोबापुढे ठेवलं, नमस्कार केला, आणि तेच पत्र घेऊन अनवाणी दुकानाकडे पळाले, चेट्टियारांना दाखवायला. वाटेत भेटेल त्याला वाचून दाखवलं म्हणे. मी खरं सांगते, मी रडले, आणि ते आनंदानं नव्हे. पोटची पोर एकटी मद्रासला? आणि एवढे पैसे कोण देणार? आईबापांनी पुरवायचे, दुसरं कोण! वडलांची मिळकत अक्षराला अर्धा आणा, आणि आईची मिळकत काय तर तोंड.

एक वाट होती. तालुका कचेरीचा माणूस घरी येऊन चौकशी करतो, गरिबीचा दाखला देतो, की फी अर्धी होते. ह्यांनी अर्ज केला. आणि तो इन्स्पेक्टर नेमका कधी यावा? आषाढी द्वादशीला, भर दुपारी, पारण्याच्या पंगतीला!

आमच्या घरी ह्यांच्या आजोबांपासून विठोबाची सेवा. एकादशीचा उपास आणि द्वादशीला चाळीस पान जेवतं. आता तांदूळ का आमचे असतात? आधीचा आठवडाभर हे गळ्यात झोळी घालून, टाळ वाजवत आपल्या लोकांच्या दारोदार जातात. कोणी मूठभर घालतो, कोणी मापभर. तूप एकाचं, गूळ दुसऱ्याचा. सगळं एका चुलीवर शिजतं आणि पंगतीत कोणी कोणाचं काय ते बोलत नाही. बोलायचंच नसतं.

इन्स्पेक्टर दारात उभा, बगलेत कागद. बघतो तर चाळीस पानं, वर तूप, खीर दोन प्रकारची. हे धावत गेले. "या, या, आधी बसा!" हाताला धरून बसवलं त्याला. तो जेवला, चांगला ढेकर दिला आणि विचारतो, "एवढं सगळं आपल्याच घरचं?"

मी आतून साराचा डाव हातात धरून खुणा करतेय, डोळे वटारतेय. बघतील तर शपथ.

"विठोबाचं आहे," हे म्हणाले.

झालं! त्यानं कागदावर काय लिहिलं असेल ते सांगायला नको. पंधरा दिवसांनी कळलं, खातंपितं घर आहे, सवलत मिळणार नाही. फी पुरी भरायची, आणि तीही चार दिवसांत.

माझा तोल गेला. "तोंडाला काय कुलूप घातलं होतं? झोळीचे तांदूळ आहेत, एवढं म्हणता आलं नाही?"

"ज्यांनी दिले ते समोर जेवत होते," हे खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांच्यादेखत झोळी कशी मोजू? घास अडकला असता त्यांच्या घशात."

"आणि माझ्या पोरीच्या तोंडचा गेला, त्याचं काय?"

तेवढ्यात आतून ट्रंकेची कडी वाजली. मी वाकून पाहिलं. महालक्ष्मी घडी घालून भरलेली पातळं एकेक करून परत खुंटीवर टांगत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला सोसलं असतं.

ह्यांनीही पाहिलं. उठले, शिडी लावली आणि माळ्यावर चढले.

"अहो, काय करताय? ती लग्नाची आहेत!"

"पाचसहाच काढतो. खाली धर," एवढंच म्हणाले. मी धरली. काय करणार, शिडीवरचा माणूस पडला असता. घागर ह्यांच्या खांद्यावर, परातीत बाकीची डोक्यावर, आणि समई माझ्या कडेवर, अशी आमची वरात भर बाजारातून चेट्टियारांच्या दुकानापर्यंत गेली. मी वाटभर पुटपुटत होते. जुनं भांडं विकायचं म्हणजे मोड, कवडीमोलानं जाणार हे मला माहीत होतं. घरोघरची भांडी नावाची, ती दुसरा कोण घेतो? आमची बिननावाची आहेत, हे तेव्हा सुचलंच नाही.

चेट्टियारांनी घागर हातात घेतली. काठावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "नाव नाही," म्हणाले आणि सरळ उचलून नव्या मालाच्या फळीवर ठेवली. परातही तशीच, समईही तशीच. फळीवरच्या भावानं त्यांनी पैसे हातावर ठेवले. वर्षाची फी निघाली, हॉस्टेलचं पहिलं बिलही निघालं.

मी ओट्यावर बसून पैसे दोनदा मोजले.

परत येताना महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर मी ह्यांना अडवलं. "तुम्हांला ठाऊक होतं?"

"काय ठाऊक असणार? लग्नासाठीच घेत होतो," हे म्हणाले. "पण नाव घातलं की भांडं एकाच कामाचं उरतं. पोर पाटीवर अक्षरं गिरवायला लागली ना, माझ्यापेक्षा सुबक काढायची. तेव्हा वाटलं, हिचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही. तर भांड्यांचं आपण आत्ताच कशाला ठरवायचं?"

"मग ती तिरुविडैमरुदूरची बाई नाही नाही ते बोलली तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांवर नावं घालून घेतली असतीस."

घेतलीच असती!

मद्रासला जाताना हॉस्टेलसाठी एक ताट आणि एक टंबलर हवा होता. त्या ताटावर मात्र ह्यांनी सकाळभर बसून आपल्या मराठी अक्षरांत 'महालक्ष्मी' घातलं. पोरीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे आता दुकानात कोणी परत घेणार नाही. सांभाळ."

पुढे दर जूनला शिडी लागायची. महिन्याची मनीऑर्डर छिन्नीवर निघे, पण फी माळ्यावरून. ह्यांचे डोळे अधू होत चालले. चौथ्या वर्षी ह्यांनी माळ्यावर हात फिरवला तर धोतराच्या नुसत्या चिंध्या. हे शिडीवरच बसून राहिले. तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले, माझी मोठी परात चिंचेनं लख्ख घासली, पोचा आतून ठोकून सरळ केला आणि ह्यांच्यापुढे आणून ठेवली. तिच्यावरही नाव नव्हतं ना! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की माझ्या तपेल्या का बिननावाच्या होत्या. इतकी वर्षं मी ह्यांना आळशी म्हणत होते, अय्यो!

मग एकेक करून माझं स्वयंपाकघरही गेलं. शेवटच्या वर्षी नवे पैसे आले, अर्ध्या आण्याचे तीन पैसे झाले, आणि आम्ही मडक्यात शिजवत होतो आणि केळीच्या पानावर जेवत होतो. शेजाऱ्यांनी विचारलं तर मी ठणकावून सांगे, मडक्यातल्या साराची चव पितळेला यायची नाही. पोरीला यातलं काही लिहायचं नाही अशी आमची दोघांची ताकीद होती. पण सुट्टीत ती घरी आली, चुलीकडे बघितलं, फळीकडे बघितलं, आणि काही न विचारता मडकं घासायला बसली.

यंदा ती डॉक्टर झाली. पहिल्या पगाराच्या दिवशी आली ती स्टेशनावरून थेट चेट्टियारांच्या दुकानात गेली आणि तिथून एक तपेलं, एक परात घेऊन घरात. माझ्या चुलीवरचा उरलासुरला चेंबू, म्हणजे तांब्या, तोही आणला, सगळं ह्यांच्यापुढे मांडलं आणि छिन्नी हातात दिली.

"अण्णा, आता आईच्या भांड्यांवर नावं घाला. आता काही विकायचं नाही."

ह्यांनी चष्म्याचा दोरा कानामागे घट्ट केला, तपेलं मांडीत घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गिऱ्हाईकानं नाव सांगायचं असतं."

पोर तोंडावर पदर धरून हसायला लागली. मी दाराकडे पाहिलं, रस्त्यावर कोणी नव्हतं. तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"व्यंकोबा," मी म्हणाले.

ह्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला तिथे उभं राहवेना, मी काप्पी करायला आत पळाले. टिकटिक थांबली तशी पेला घेऊन बाहेर आले. पाहते तर तपेल्यावर लिहिलं होतं, 'अंबाबाई'.

"हे काय? मी दुसरं सांगितलं होतं!"

"ऐकलं ते," हे म्हणाले. "पण भांडी तुझी आहेत."

दुसरा 'बा' जरा खाली घसरलाय. डोळे राहिले नाहीत आता ह्यांचे. मी काप्पी पुढे ठेवली आणि परात सरकवली.