आमच्या घराची पाहणी

आईनं दिलेला तांब्या सरांनी हातात घेतला आणि तिच्या देखत आमच्या दारात उपडा केला. "उपास आहे," म्हणाले. तासाभरापूर्वी याच माणसानं रेणापूरच्या स्टँडवर दोन प्लेट भजी चेपली होती. मी समोरच बसले होते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्यातली दुष्काळी गावं पाहायची, असं आमच्या समाजशास्त्राच्या सरांच्या मनात आलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची आम्ही दहा-बारा पोरं-पोरी. मी मामाकडे राहायचे आणि लातूरचीच आहे म्हणून सांगायचे. सरांनी नेमकं माझंच गाव निवडलं. आजारपणाचं सोंग घ्यावं वाटलं, पण पाहणीला वीस मार्क होते.

गावात शिरल्यावर सरांनी सरळ बौद्धवाड्यात नेलं. वाड्यातली सगळी माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेली. बोट ठेचलं म्हणून आई तेवढी घरी. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मैत्रिणींकडं. मी मान खाली घातली, तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

दुसरा तांब्या तिनं माझ्यापुढं धरला.

"पाणी घ्या, बाई. लई उन्हाचं आलाव तुमी."

मला बाई म्हणाली. आणि मी परक्यासारखी ते पाणी प्याले. अक्षर चांगलं म्हणून सरांनी फॉर्म माझ्याकडंच दिला होता. घरात माणसं किती, मी विचारलं.

"एक पोरगी हाय. लातुरात शिकती."

मी ते लिहून घेतलं. थू माझ्या शिकण्यावर.

आठवड्यानं सरांनी वर्गात अहवाल वाचला. आमच्या घराच्या फॉर्मवर पाण्याच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं होतं, 'अस्वच्छ, पिण्यास अयोग्य.' पोरं हसली. आई ठेचल्या बोटानं पहाटेपासून हापशावर उभी राहून ते पाणी आणायची. न पिताच या माणसाला ते कळलं कसं?

मी उठले.

"सर, ते घर माझं आहे. ती माझी आई आहे. पाणी मी प्यालेय, तुम्ही नाही."

अभ्यासात भावना आणायच्या नसतात, बस खाली, असं सर म्हणाले. मी बसले नाही. आईनं पाणी दिलं आणि सरांनी ओतलं, हेही अहवालात लिहा म्हटलं. त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. मार्क शून्य.

शनिवारी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. शाबास म्हणेल, असं वाटलं होतं. ती चूल फुंकत राहिली.

"त्येनं पाणी वतलं. तू तर मला वळख दिली न्हाईस."



सोमवारी एक कोरा फॉर्म घेऊन सरांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. पाहणी करायचीय, म्हटलं. घरात माणसं किती? पाणी कुणाच्या हातचं पिता, कुणाच्या हातचं पीत नाही? त्यांनी दार लावून घेतलं. मी त्यांच्याच पायरीवर बसले आणि रकान्यात लिहिलं, 'उत्तर देण्यास नकार.' खाली पाहणी करणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं. आईचं लिहिलं. गाव लिहिलं, वाडाही लिहिला. यातलं एकही अक्षर मी पुन्हा कुठं गाळणार नाही.