घावाआधीची पांढरी जागा
शिलाई मशीनला तेल घालताना तो वास नाकात शिरला, आणि वडगावातलं आमचं घर आठवलं. घरात दोन यंत्रमाग दिवसभर खडखडायचे, आणि मी त्यांच्याकडं पाठ करून मोबाइलवर मारामारीच्या कोरियन चित्रकथा वाचत बसायची. एकाखाली एक चित्रं सरकवत जायची. एका दुपारी पडलेल्या नायकावर शत्रूनं तलवार उगारली, आणि खाली नुसती पांढरी जागा सुरू झाली. घाव बसला की चुकला, हे कळेपर्यंत जीव मुठीत धरून अंगठा फिरवायचा. खरं तर त्या जागेसाठीच मी त्या कथा वाचायची. तेवढ्यात एक माग थांबला. पाठोपाठ दुसराही. वीज गेल्याशिवाय आमचे दोन्ही माग असे थांबत नसत, आणि डोक्यावर पंखा तर फिरत होता. थोड्याच दिवसांपूर्वी शेजारी मागातून आडवं सूत नेणारा टोकदार धोटा उडाला होता आणि तिथल्या काकांचा डोळा थोडक्यात वाचला होता. आमच्या मागांवर माझे वडील, आप्पा, एकटेच होते. मान वळवायचा धीर होईना. "आप्पा?" मी कसंबसं म्हटलं. तेलाच्या वासासकट उत्तर अगदी कानाशी आलं, "खाली सरकव की गं. उठतोय का न्हाय त्यो?" आता आप्पा नाहीत. कथा मी अजून वाचते. पांढरी जागा आली की अंगठा थांबतो, मागून कुणी काही म्हणत नाही, मग मीच खाली सरकवते.