चर्च उजवीकडे ठेवून

मुक्ताने, म्हणजे माझ्या मुलीने, पत्रक माझ्या हातात दिलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

‘‘साडेनऊ वाजलेत. वाट साडेचार मैलांची. एक वाजता जेवायला घरी. फोन केलात तर हरलात, कुणाच्या गाडीत बसलात तरी हरलात. नीट आलात, तर खराडीचा विषय मी पुन्हा काढणार नाही.’’

खराडीचा विषय आधी सांगायला हवा, आणि त्यात माझी शोभा आहे. गेल्या वर्षी पुतण्याकडे, पुण्याच्या टोकाला खराडीत, राहायला गेलो होतो. सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि परतताना शेजारच्या इमारतीत शिरलो. मजला बरोबर, दाराचा रंगही बरोबर. दार उघडणाऱ्या बाईंना ‘‘आपण कोण?’’ असं मीच दरडावून विचारलं. शेवटी पुतण्याला येऊन मला सोडवून न्यावं लागलं. बातमी इंग्लंडला पोचली आणि मुक्ताने निकाल दिला, की आई गेल्यापासून बाबांचं विसरणं वाढलंय, आता शनिवार पेठेतलं घर बंद करावं आणि त्यांना पुतण्याच्या शेजारी चौदाव्या मजल्यावर ठेवावं. फाटकावर पहारेकरी, लिफ्टमध्ये कॅमेरा. मला ते तुरुंगासारखं वाटलं, पण छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस दुधाची पिशवी घेऊन हरवल्यावर कुठल्या तोंडाने वाद घालणार?

म्हणून, मी तिच्याकडे इंग्लंडला आल्यावर, ही परीक्षा. मुक्ताचं गाव लहानसं. मधे एक टेकाड, टेकाडावर चर्च, पायथ्याशी चाळीसेक घरं आणि भोवताली शेतं. गावकऱ्यांनी भोवतालच्या शेतांतून जाणाऱ्या पाच गोल वाटा आखून त्यांचं पत्रक छापलंय. जिथून निघायचं तिथेच परत यायचं. ‘पुण्यात आम्ही रिक्षाने गेलो तरी हेच होतं,’ असं मी म्हणालो, पण मुक्ता हसली नाही. जावई सोमवार ते शुक्रवार लंडनला असतो, त्यामुळे हसायला दुसरं कुणी घरात नव्हतं.

जावयाचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मी निघालो. ते मला दोन नंबर मोठे होते. चर्चच्या फाटकाशी पत्रक उघडलं. वाट क्रमांक तीन. पहिलंच वाक्य होतं : फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळा.

डावीकडे वळलो असतो तर चर्च सबंध वाटभर माझ्या डाव्या हाताला आलं असतं. उलटी प्रदक्षिणा! कसब्यात गणपतीला रोज प्रदक्षिणा घालून वाढलेल्या माणसाचे पाय तिकडे वळेनात. देव कुणाचा का असेना, तो उजवीकडेच हवा. मी मनाशी हिशेब केला, की गोल तो गोलच, पत्रक खालून वर वाचायचं, उजव्याचं डावं करायचं, झालं. आणि ऐटीत उजवीकडे वळलो.

पहिल्याच शेताच्या तोंडाशी ‘स्टाइल’ आली (कुंपण ओलांडायला दोन फळ्या ठोकलेल्या असतात, ती). वर चढून एक पाय पलीकडे टाकला आणि बुटाची टाच अडकली. तेवढ्यात समोरून एक आजीबाई कुत्र्यासह आल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील.

‘‘तुम्ही उलटे निघालात,’’ त्या अदबीने म्हणाल्या.

‘‘मी सुलटाच आहे. पत्रक उलटं आहे,’’ मी फळीवर घोडेस्वारी करत म्हणालो आणि त्यांना प्रदक्षिणेचं शास्त्र समजावून सांगितलं.

‘‘किती छान!’’ त्या म्हणाल्या आणि मला बूट सोडवायला मदत करून निघून गेल्या. या देशात ‘किती छान’चा अर्थ ‘विषय संपला’ असा आहे, हे मला आठवड्याभराने कळलं. आपल्याकडे त्यासाठी नुसतं ‘बरं’ पुरतं.

पुढची वाट थेट गव्हाच्या शेतातून जात होती. कडेने नव्हे, मधोमध, उभ्या पिकातून. मला धीर होईना. पुण्याभोवतीच्या कुठल्याही गावात हे केलं असतं, तर बांधावरून आरोळी आली असती, ‘‘ओ काका, हितनं वाट न्हाय, माघारी फिरा!’’ इथे शेतकरी ट्रॅक्टर थांबवून माझ्याकडे बघत होता. मी हात जोडून परवानगी मागितली.

‘‘जा की,’’ तो म्हणाला. ‘‘शेत माझं आहे. वाट माझी नाही.’’

इथे अशा जुन्या पायवाटेवरून कुणीही चालू शकतं, शेत कुणाचंही असो; मला हे फार आवडलं. त्या दोन फुटांच्या वाटेवरून मी जमीनदारासारखा चाललो. दोन्ही हातांना कोवळ्या ओंब्या लागत होत्या, कुंपणाच्या झुडपांना पांढरा मोहर आलेला होता आणि उजवीकडे चर्चचा मनोरा शहाण्यासारखा उभा होता. परीक्षा खिशात होती म्हणायची.

मग पत्रकात आलं, ‘तीन ओक वृक्षांपाशी उजवीकडे’. म्हणजे मला डावीकडे. आता, समशीतोष्ण प्रदेशातील पानझडी वृक्ष, उदाहरणार्थ ओक, बीच, एल्म, हे वाक्य मी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मुलांकडून पाठ करून घेतलं, चुकलं तर उभं केलं. पण ओक दिसतो कसा, हे मला एकाही वर्षी माहीत नव्हतं. समोर झाडं होती सात. मी मनाला येतील ते तीन ओक ठरवले आणि त्यांच्याशी डावीकडे वळलो.

तिथे वीसेक दांडगी वासरं चरत होती. मी चाललो की ती चालत, मी थांबलो की थांबत. मी ‘‘हाड्!’’ म्हणालो, पण मराठी त्यांना येत नव्हतं. मी झपाझप निघालो, तीही झपाझप निघाली, आणि मग सेवानिवृत्त भूगोल शिक्षक चक्क पळाला. फाटकाजवळच्या चिखलात डावा बूट राहिला, मी पुढे गेलो. बूट काढायला वाकलो तर पत्रक पडलं आणि एका वासराने ते निवांतपणे चघळायला घेतलं.

पत्रकाशिवाय मी तासभर भटकलो. एकदा एका बंगल्याच्या परसात निघालो, एकदा ओढ्याशी. मनोरा कधी समोर यायचा, कधी पाठीशी. शेवटी ठरवलं, की तो उजव्या हाताला येईपर्यंत वळायचं आणि मग सरळ चालायचं. असं करत मूळ वाटेला लागलो आणि एका बाकावर बसलो. तिथे एक नवरा-बायको आधीच बसली होती. त्यांनी थर्मासमधला चहा आणि काकडीचं सँडविच पुढे केलं. मीही दशमी आणि लसणाची चटणी काढली. नवऱ्याने चटणीचा मोठा घास घेतला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि तो कसाबसा म्हणाला, ‘‘किती छान!’’

तेवढ्यात शेतांवरून चर्चच्या घड्याळाचा टोला ऐकू आला. एक. फक्त एकच टोला, पण तेवढा पुरे होता. मी हरलो होतो. चौदावा मजला, पहारेकरी, कॅमेरा. माझी बायको सुनंदा असती तर म्हणाली असती, ‘‘हौस फार!’’ आणि मला तिची फार, फार आठवण आली. नवरा-बायको निरोप घेऊन मी आलो त्या बाजूला गेली. मला वाटेत भेटणारा प्रत्येक जण असाच समोरून येत होता, कारण पत्रकाप्रमाणे चालणारे सगळे एका दिशेने आणि मी एकटा दुसऱ्या.

दीड वाजून गेल्यावर कुंपणाच्या वळणावरून आणखी एक जण समोरून आलं. वरती कामाच्या मीटिंगसाठी घातलेला कडक इस्त्रीचा शर्ट, खाली झोपायचा पायजमा, पायांत घरातल्या सपाता, सगळं चिखलाने माखलेलं. मुक्ता होती. पळत होती आणि रडत होती.

‘‘तुम्ही... समोरून?’’ ती धापा टाकत म्हणाली. ‘‘मी तुमच्या मागे धावतेय एवढा वेळ! मला वाटलं ओढ्यात पडलात. समोरून कसे आलात?’’

‘‘प्रदक्षिणा,’’ मी म्हणालो.

ती मटकन गवतात बसली. आधी हसली, मग पुन्हा रडायला लागली. मी चिखलाच्या हातांनी तिच्या डोक्यावर थोपटलं, त्यामुळे केसही माखले.

‘‘मुक्ता, मी हरलो. खराडीला जाईन मी,’’ मी म्हणालो. मनापासून म्हणालो. तिचा चेहरा बघून माझा सगळा तोरा उतरला होता.

‘‘नका जाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘बाबा, सात वर्षं झाली मला इथे येऊन. यातली एकही वाट मी चालले नाही. कुणाबरोबर जाणार? सोमवार ते शुक्रवार घरात मी आणि तो संगणक. तुम्ही एकटे, तुम्ही एकटे, असं मी सगळ्यांना सांगत असते. रोज संध्याकाळी तुम्हाला फोन करते ना, तो तुमच्यासाठी करते असं वाटतं तुम्हाला?’’

मी हात देऊन तिला उठवलं.  परत जायला ती आली तीच वाट जवळची होती की दुसरी, ते मला नीट कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. ती पुढे, मी मागे, असे घरी आलो आणि अडीच वाजता वरणभात खाल्ला.

उरलेल्या तीन आठवड्यांत आम्ही पाचही वाटा चाललो, एकदा पत्रकाप्रमाणे आणि एकदा माझ्याप्रमाणे. ओक ओळखायलाही तिनेच फोनवर बघून शिकवलं. मी चुकीच्याच तीन झाडांशी वळलो होतो.

मग पुण्याला परतलो, शनिवार पेठेतल्या माझ्या घरी. एकटा राहण्याचा हक्क मिळवून आलेला वीर म्हणून कट्ट्यावर मी सगळी हकीकत सांगितली, वासरांचे बैल करून सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो, गप्पांत अडकलो आणि तास-दीड तास उशिरा घरी आलो. कुलूप उघडलं. चपला काढल्या. आत पाण्याचा नळ टपटपत होता. इतका वेळ कुठे होतात, असं विचारणारं कुणी नव्हतं. हेच तर मी मागून घेतलं होतं.

मी फोन उचलला आणि मुक्ताला लावला. आजवर नेहमी तीच लावायची. पहिल्या घंटेलाच तिने उचलला. ‘‘बाबा? काय झालं? इथे पहाटेचे साडेचार वाजलेत!’’ रेखावृत्तं शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या मला तेही आठवलं नव्हतं.

‘‘काही नाही गं,’’ मी म्हणालो. ‘‘आज घरी यायला उशीर झाला. कुणाला तरी सांगायचं होतं.’’

 पलीकडे पांघरूण सावरून ती उठून बसल्याचा आवाज आला.

‘‘कुठे गेला होतात?’’ तिने विचारलं.