हर्निया म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

इकडं ये बाई, जवळ बस. आणि आधी जरा रागावून घेऊ दे. घरच्या माणसाला तकलीफ आहे हे तुला कधीचं कळलंय, मग तोंड शिवून काहून बसलीस? बहिणीला सांगायची लाज, जावेला सांगायची लाज, डॉक्टरला सांगायची तर विचारूच नको. मला तुझं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. पण तू कुठंतरी आहेस, एवढं पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. शाळा मी पाहिली नाही, लेकरांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, तेव्हा काना-मात्रा इकडंतिकडं झाली तर चालवून घे.

आमच्या यांच्या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या खोलीतच होते. नांदेडचा दवाखाना. हे उभी हयात कळमनुरी-हिंगोली काळी-पिवळी जीप चालवलेला माणूस, पण त्या खुर्चीवर असे बसले होते, जसं पोलिसानं लायसन मागितलंय. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यानं शांत. त्यांनी डॉपलरचा कागद पाहिला. डॉपलर म्हणजे रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. मग म्हणाले, "इरेक्टाइल डिसफंक्शन आहे. जुन्या शुगरमुळं."

तर हे नाव नीट समजून घे. पुरुषाच्या इंद्रियाला ताठपणा येत नाही, म्हणजे इरेक्टाइल डिसफंक्शन. शुगरनं बारीक नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. यांच्या बोटांना मुंग्या यायच्या, पायात चप्पल आहे का निघाली ते कळायचं नाही, तसंच तिथंही झालं होतं. हा आजार आहे. कुणाच्या पापाची शिक्षा नाही, आणि उतारवयातला वाह्यातपणा तर नाहीच नाही.

त्याआधीची कितीतरी वर्षं हे बाहेर ओसरीवर झोपत होते. मी विचारलं तर आत गरम होतं म्हणायचे. हिवाळ्यातही गरम होतं म्हणायचे. मग हळूहळू बोलणंच बंद झालं. चहा ठेवला की पीत होते, जेवण वाढलं की जेवत होते. मी जवळ गेले की उठून जीप पुसायला जायचे. मला वाटायचं, आपलंच काही चुकलं, नाहीतर आता आपण नकोशा झालो. एका घरात दोन माणसं, आणि दिवसभरात चार शब्द नाहीत. तुझ्या घरात असंच चाललंय का? मग पुढं वाच.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. त्याच्याकडून यांनी चोरून पुड्या आणल्या होत्या, खाऊन शुगर अशी चढली की चक्कर येऊन पडले. तिथून मग दवाखाना सुरू झाला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, उपयोग झाला नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, पेनाइल इम्प्लांट करता येईल.

ही गोष्टही सरळ सांगते. इंद्रियाच्या आत दोन पोकळ नळ्या बसवतात. ओटीपोटात मिठाच्या पाण्याची एक लहान पिशवी. आणि खाली अंडकोषाच्या पिशवीत एक छोटा पंप. पंप म्हटलं की आपल्याला विहिरीवरचा नाहीतर फवारणीचा आठवतो. हा बोरापेक्षा थोडा मोठा, बाहेरून कुणाला दिसत नाही. तो दाबला की पाणी नळ्यांत येतं. त्याच्या वरच्या भागात एक जागा आहे, ती दाबून धरली की पाणी माघारी पिशवीत जातं. एकदा बसवलं की मूळचा ताठपणा परत येत नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तुझ्या डॉक्टरांनी नाही सांगितलं तर तू विचार.

मग आमचे डॉक्टर माझ्याकडं वळले. "आई, निर्णय दोघांचा आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टर, ऑपरेशन केल्यावर हे बोलतील का?"

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. म्हणाले, "ते मशीनच्या हातात नाही, आई." यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

पैशाची जुळवाजुळव कशी केली ते सांगत बसत नाही. आधी शुगर आटोक्यात आणावी लागली. एचबीए-वन-सी नावाची तपासणी करतात, मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर त्यात कळते. ती खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, कारण शुगरवाल्याला जंतू लवकर लागतात, आणि आतल्या वस्तूला जंतू लागले तर सगळं परत काढावं लागतं. पुण्याच्या लेकाला सांगितलं, बाबाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, तू सुट्टी टाकू नको. गल्लीत तेच सांगितलं.

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर एकटी. शेजारी एक बाई येऊन बसली, माझ्याहून लहान. तिनं विचारलं, मालकाला काय झालं. मी म्हणाले, हर्निया. ती म्हणाली, आमचाही हर्नियाच. मग दोघी समोरच्या भिंतीकडं पाहत बसलो. त्या वॉर्डात त्या दिवशी हर्नियाचा एकही पेशंट नव्हता, हे नर्सबाईनं मला संध्याकाळी सांगितलं. बाई, ती तू असशील तर तेव्हाच माझा हात धरायचा होतास. मीही धरायला पाहिजे होता.

लघवीची नळी दुसऱ्या दिवशी काढली. सूज फार होती, काळंनिळं पडलं होतं. पाहून घाबरू नकोस, ती उतरते. ताप आला, लाली वाढली, पू किंवा पाणी आलं तर मात्र घरी थांबू नको, तडक डॉक्टरला गाठ. गावाकडं येताना जीप केली होती. प्रत्येक गतिरोधकावर हे कळवळायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "बाबा, ब्रेक अगोदर मारत असतेत, नंतर न्हाई." कित्येक दिवसांनी यांच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकलं, तेही ड्रायव्हरसाठी.

आता आमच्याकडची रीत तुला माहीत आहे. कुणी दवाखान्यातून आलं की सगळी गल्ली पाहायला येते. कुणी बिस्किटपुडा आणतं, कुणी भाकरीचा डबा. येतात, बसतात, जखम कुठं, टाके किती, सगळं विचारतात. आजारी माणसाला त्यानंच अर्धं बरं वाटतं. मी स्वतः कितीजणांकडं डबे नेलेत.

पहिले आले किसनभाऊजी, यांचे चुलतभाऊ. आले ते हसतच. "जयभीम दादा. आता तुम्ही अन् आमी एका पार्टीचे झालो." कारण भाऊजींचं खरोखरच हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यांनी सदरा वर केला, कट दाखवला, आणि म्हणाले, "आता तुमचा दाखवा. पाहू कोणत्या डॉक्टरचा टाका चांगला."

हे भिंतीकडं तोंड करून झोपले. मी म्हणाले, भाऊजी, पट्टी आहे, उघडायची नाही. दुसऱ्या दिवशी आले. मी म्हणाले, झोपलेत. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी दारातच उभी राहिले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आमाला आत बी घेईना झाल्या व्हय? नांदेडचा दवाखाना पाहिला अन् मानसं जड झाली."

ते गेले, आणि गल्लीभर तेच बोलणं पसरलं. डबे यायचे थांबले. दुपारी समोरच्या ओट्यावर बायका तुरी निवडत बसायच्या. मी दार उघडलं की त्यांचं बोलणं थांबायचं. घरात हे गप्प, दाराबाहेर त्या गप्प. मी स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलायला लागले होते, खोटं नाही सांगत.

दीड महिन्यानं परत नांदेड. आता पंप चालू करायला शिकवायचं होतं. डॉक्टरांनी नमुन्याचा पंप हातात दिला, असा दाबा, असा सोडा. फुगवणं यांना जमलं. पण पाणी माघारी पाठवायची जागा बोटांना लागेचना. ज्या बोटांनी अंधारातही बिनचूक गिअर टाकला ती बोटं आता बधिर. डॉक्टर म्हणाले, "रोज सराव करायचा. फुगवायचं, थोडा वेळ ठेवायचं, सोडायचं. नाही केलं तर भोवती आतली कातडी आवळते, पंप कडक होतो. आईंना शिकवू का?"

"न्हाई," हे म्हणाले. "माझं मी पाहीन."

हे कपडे घालत होते तेवढ्या वेळात नर्सबाईनं तो नमुना गुपचूप माझ्या हातात दिला. मी बाकावर बसून दाबून पाहिला. पदराखाली.

घरी आल्यावर हे रोज न्हाणीत जायचे आणि लगेच बाहेर यायचे. सराव एवढ्यात होत नाही, हे मला कळत होतं. रोज कोमट पाण्यात बसून पंप हलक्या हातानं खाली ओढायचा असतो, वर सरकू नये म्हणून, तेही हे करत नव्हते. मी काही बोलले तर उठून जायचे. मला वाटलं, एवढं सोसलं आणि आता हे असंच आवळून जाणार. तो पंपही, आणि आम्हीही.

मग एका दुपारी हे खाटेवर बसले होते, मांडीवर जाड गोधडी. उन्हाळ्याचे दिवस. घाम गळत होता. मी म्हणाले, गोधडी काढा की. यांनी ती आणखी वर ओढली. तेवढ्यात दारात किसनभाऊजी. राग सोडून आले होते बिचारे, हातात कलिंगड. खाटेसमोर पाट ओढून बसले आणि सोयाबीनच्या भावावर सुरू झाले. हे नुसते हूं, हूं. भाऊजी म्हणाले, "दादा, थंडी वाजून राहिली का काय? चला, पारापर्यंत चक्कर मारू." आणि गोधडीला हात घातला.

यांनी गोधडी गच्च धरली. डोळे माझ्याकडं. त्या डोळ्यांत मला सगळं दिसलं. फुगवलं होतं, आणि सोडता येत नव्हतं.

मी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही आज जा." कारण सुचलंच नाही. भाऊजी उठले, कलिंगड तिथंच ठेवलं, चपला घालताना म्हणाले, "आता बोलावल्याबिगर येणार न्हाई." मी दाराला कडी घातली.

हे खाली पाहत म्हणाले, "इकडं ये. मला जमून न्हाई राहिलं."

मी जवळ बसले. जागा शोधली, दाबून धरली. पाणी माघारी जाताना बोटांना कळतं, बारीकशी सळसळ होते. हे लेकरासारखे रडायला लागले. मी हात तिथंच ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं तू हसशील." मी म्हणाले, हसायचं तर आपण दोघं मिळून हसू ना, एकटं काहून कुढायचं. आणि खरंच हसलो गं, भाऊजींचा तो कट, ते टाके आठवून. मग हे बोलत राहिले. जडीबुटीवाल्याचं सांगितलं, ओसरीवरच्या झोपेचं सांगितलं. मी कलिंगड कापायचंही विसरले.

आता सराव आम्ही मिळून करतो. बाकीचं तुला सांगायची गरज नाही, तू बाईमाणूस आहेस. एवढंच सांगते, मला हवं होतं ते मशीननं दिलं नाही, पण मशीन जमेना म्हणून मिळालं. डॉक्टरांचे आणि त्या नर्सबाईचे उपकार मी विसरणार नाही.

पण भाऊजी आले नाहीत. यांना म्हटलं, त्यांना खरं सांगून टाका. म्हणतात, "त्याला सांगितलं म्हणजे स्टँडवर भोंगा लावला." तेही खरंच. आम्ही दोघं एकमेकांना सापडलो, पण आमच्या दारी कुणी येत नाही, आणि मी बोलकी बाई. हे लिहू का विचारलं, तर म्हणाले, लिही, तिला कामी येईल, फक्त नाव घालू नको.

म्हणून तुला सांगते, ये. कळमनुरीच्या स्टँडवर उतरलीस की मी न्यायला येईन. दुपारची ये, जेवायलाच ये, मालकांनाही आण, हे त्यांच्याशी बाहेर बसून बोलतील. गल्लीतल्या बायका विचारतील काहून आलीस. आजारी माणसाला पाहायला आले, असं नको म्हणू. मावशीकडं आले म्हण. पण ये लवकर.