ताईला बोट दिसली

गल्लीत त्यांना सगळे भिंगवाले म्हणायचे. छत्तीस वर्षं त्यांनी एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासल्या. पुढे गिऱ्हाईक आरशात बघून फ्रेम निवडायचं आणि मागे हे चाकावर पाण्याची बारीक धार सोडून काचेची कड उतरवत बसायचे. काच झाली की ती डोळ्यांसमोर धरून खिडकीच्या गजाकडे बघायचे आणि हळूच डावी-उजवीकडे हलवायचे. गज किती सरकतो त्यावरून त्यांना नंबर कळायचा. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर माणसाला पायरी जिथे दिसते तिथे ती नसते, असं ते म्हणत. त्यामुळे आयुष्यात त्यांनी कुठलीच गोष्ट अंदाजाने केली नाही. लग्न राहून गेलं तेही बहुधा त्यापायीच.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच राहत. ताईने अठ्ठावीस वर्षं इस्पितळात चादरींच्या खोलीत काम केलं होतं. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डावॉर्डात पाठवायच्या, आणि घरी आलं की पदर खोचून ओट्याशी उभं राहायचं. बासष्ट वर्षांच्या भावाला ती अजून ‘बाळ’ म्हणे. ऐकणाऱ्यांना हसू यायचं, त्या दोघांना कधी आलं नाही.

भिंगवाले निवृत्त झाले तेव्हा दुकानाच्या मालकांनी त्यांना एक छोटा विजेचा ओव्हन दिला. काय विचार करून दिला देव जाणे. माझ्या ओट्यावर त्याला जागा नाही, असं ताईने एका वाक्यात सांगून टाकलं आणि ओव्हन खोक्यासकट कपाटावर जाऊन बसला. तिथे तो दीड वर्ष होता.

मग एके दिवशी ताई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पंधरा दिवसांनी ती घरी आली, सोबत चार पायांचा वॉकर आला, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता चालायचं, जितकं चालाल तितकं चांगलं. आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला एक बाई येऊ लागल्या. त्या तोंडाने गोड आणि हाताने कडक होत्या. ताई त्यांच्यासमोर पाय वर करी, खाली करी, पलंगाच्या कडेवर बसे. उभं राहायची वेळ आली की डोळे मिटून घेई आणि म्हणे, आज नको.

जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीतून यायचं. ताई दोन घास खाऊन ताट सरकवायची. भिंगवाल्यांनी एकदा स्वतः रांधायचं मनावर घेतलं. पलंगाशी वही घेऊन बसले आणि विचारलं, मीठ किती घालायचं? ताई म्हणाली, चवीपुरतं. कुणाच्या चवीपुरतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. पाणी किती, तर लागेल तेवढं. किती वेळ शिजवायचं, तर शिजेपर्यंत. भिंगवाले वही मिटून उठले. ज्या धंद्यात मापच नाही त्यात आपला निभाव लागायचा नाही, हे त्यांनी ओळखलं.

तेव्हा त्यांना कपाटावरचा ओव्हन आठवला. खोक्यात एक पातळ पुस्तिका होती. तिच्यात अडतीस गोड पदार्थ होते आणि प्रत्येकाला माप होतं. मैदा दोनशे ग्रॅम. लोणी शंभर. एकशे ऐंशी अंश, पस्तीस मिनिटं. भिंगवाल्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत वाटलं.

पहिला साधा स्पंज केक मधोमध बसला. खड्डा असा की त्यात वाटीभर दूध मावलं असतं. आल्याची बिस्किटं ओव्हनमध्ये एकमेकांना भेटायला निघाली आणि एकच मोठी चादर झाली. कॅरॅमलची साखर त्यांनी घड्याळ लावून तापवली, पण साखरेने घड्याळ पाहिलं नव्हतं, ती आधीच कोळसा झाली. भिंगवाले हिरमुसले नाहीत. काच फुटली की दुसरी घ्यायची, ही त्यांची जुनी सवय. ते भांडं घासत, पुसत आणि पुन्हा मैदा चाळायला घेत.

एका ओळीने मात्र त्यांना फार छळलं. ‘अंड्यांचा फेस हलक्या हाताने मिसळा,’ असं पुस्तिकेत लिहिलं होतं. हलका हात म्हणजे किती हलका? शेवटी ते भांडं घेऊनच ताईच्या खोलीत गेले. तिने मान न उचलता बघितलं.

“ढवळतोयस काय असा? चादरीची घडी घालतात तसं खालून उचल आणि वर आणून सोड. दाबायचं नाही. आत वारा राहू दे.”

अठ्ठावीस वर्षांत तिने किती चादरी घडी केल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, पण त्या दिवशीचा केक पहिल्यांदा फुगला.

दुपारी तीनच्या सुमाराला हे सगळं चाले. त्या वेळी गल्ली निजलेली असे. खालच्या मजल्यावर शिवणाचं मशीन थोडा वेळ चाले आणि थांबे. पडद्यातून येणारं ऊन ओट्यावर पडे आणि त्यात मैद्याची धूळ इतकी सावकाश खाली येई की तिला कुठे जायचंच नाही असं वाटावं. भिंगवाले ओव्हनसमोर पाट टाकून बसत आणि काचेतून आत बघत. आत पिवळा दिवा, आणि त्या उजेडात पिठाचा पृष्ठभाग श्वास घेतल्यासारखा वर येई. बघता बघता त्यांची नजर पलीकडे जाई. आपण घासलेल्या काचा घालून या घडीला किती माणसं रस्त्यांवरून चालली असतील, कुणी सुईत दोरा ओवत असेल, कुणी पत्र वाचत असेल, असं काहीबाही मनात तरंगे, आणि त्यांचं स्वतःचं वजन कमी झाल्यासारखं होई.

आतल्या खोलीत ताई डोळे मिटून पडलेली असे. वास तिच्यापर्यंत पोचला की ती अर्धवट झोपेत बोले. “काढ आता,” एवढंच. घड्याळात चार मिनिटं बाकी असत. पहिल्या वेळी भिंगवाल्यांनी घड्याळाचं ऐकलं आणि कड करपली. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला आणि ताईचंच ऐकायचं ठरवलं.

केक निववून ते तुकडा घेऊन जात. ताई उठून बसे, खाई, आणि मग झोपेत काय दिसलं ते सांगे. याआधी तिने कधी स्वप्नं सांगितली नव्हती. कदाचित तिला तेवढी झोपच मिळाली नसावी. व्हॅनिलाच्या स्पंजला तिला बोट दिसली. पांढरी बोट, आत कुणी नाही, आणि ती रस्त्यावरून चालली होती, पाणी नव्हतंच. दालचिनीच्या बिस्किटांना लहानपणीचं घर दिसलं, पण त्याला पाच खिडक्या जास्त होत्या. चॉकलेटच्या केकला काहीच दिसलं नाही. “नुसता अंधार होता,” ती म्हणाली, “पण मऊ होता.”

भिंगवाल्यांनी हे सगळं लिहून ठेवलं. दुकानातून आणलेली एक कोरी ऑर्डरवही त्यांच्याकडे होती. तिच्या प्रत्येक पानावर दोन रकाने छापलेले, उजवा डोळा आणि डावा डोळा. उजव्यात ते केकचं लिहीत: मैदा, अंश, मिनिटं, किती बसला, कुठे करपला. डाव्यात ताईचं. ‘बोट. पाणी नाही.’ लिहिताना त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतात आणि चष्मा एकच असतो.

असे सहा-सात आठवडे गेले. ताईचं अंग भरलं, गालांवर रंग आला, पण ती उभी काही राहीना. व्यायामवाल्या बाई जाताना जिन्यात भिंगवाल्यांना हळू आवाजात म्हणाल्या की हाड जुळलंय, पायात ताकद आहे, आता मनाचं काय ते बघा. मनाचा नंबर कसा काढतात ते भिंगवाल्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आणखी मन लावून केक केले.

मग तो बुधवार. बदामाचा केक होता, पुस्तिकेतला एकविसावा. आदल्या दिवशी भिंगवाल्यांनी सगळं घर धुतलं होतं, अंग आंबलं होतं. केक आत सरकवून ते पाटावर बसले आणि मग पाठ टेकायला म्हणून बाहेरच्या आरामखुर्चीत गेले. पिवळा दिवा मिटल्या डोळ्यांपुढे राहिला, मग तो मोठा होत गेला, मग सगळी खोलीच तशी झाली.

जाग आली ती शांततेने. मशीनचा आवाज नाही, गल्लीचा नाही. भाजल्या बदामाचा वास नाकात होता, थोडा पुढे गेलेला. ते धडपडत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथेच थांबले.

ओव्हनचं दार उघडं होतं. केक ओट्यावर होता. आणि ओट्याशी, एका हाताने कड धरून, दुसऱ्या हातात फडकं घेऊन ताई उभी होती. वॉकर आसपास कुठे नव्हता. ती केकवर वाकून कडा निरखत होती, घरची बाई जशी निरखते तशी. अवघडलेलं, भ्यायलेलं असं तिच्या उभं राहण्यात काही नव्हतं.

“तीनदा हाका मारल्या,” ती म्हणाली. “घोरत होतास.”

भिंगवाले तिच्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही, आणि ज्या सहजपणे ती बसली नाही त्यातच त्यांना सगळं कळलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दोन आठवडे झाले असतील. तू अंडी आणायला गेलास की खिडकीपर्यंत जाते.”

दोन आठवडे भिंगवाल्यांनी तिला धरून न्हाणीघरात नेलं होतं, पाठीमागे उशा लावल्या होत्या, जिन्यात उभं राहून काळजीने घाम पुसला होता. त्यांना राग आला, आणि राग यायची सवय नसल्यामुळे तो कुठे ठेवावा हे सुचेना. त्यांनी केकच्या भांड्याचा तळ घासायला घेतला. बराच वेळ नुसता काथ्याचा आवाज होत राहिला. ताई सावकाश खुर्चीवर बसली आणि त्यांच्या पाठीशी बोलली.

“इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पलंगांसाठी चादरी मोजल्या, बाळ. त्यांच्यावर नुसतं पडून राहिलं की कसं वाटतं ते कधी कळलं नाही. आणि दुपारचा घरात वास सुटतो, तो मी केलेला नसतो. असं आईच्या वेळेपासून झालं नव्हतं रे.”

भांडं स्वच्छ झालं होतं तरी भिंगवाले ते घासत राहिले. आई गेली तेव्हा ताई चौदा वर्षांची होती आणि ते आठ वर्षांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली होती आणि ताटात जेवण होतं. ते कुणी केलं असा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नाही. त्यानंतरही चोपन्न वर्षं पडला नव्हता.

नळ बंद करून त्यांनी हात पुसले. केक कापला, तिच्यासमोर ठेवला, आणि ओव्हनसमोर ताटकळत राहिलेला पाटही तिच्या पायाखाली सरकवला.

“उद्या त्या बाईंना काय सांगायचं?”

ताईने घास गिळला. “शुक्रवारपर्यंत काही सांगू नकोस. लिंबाचा राहिलाय.”

भिंगवाल्यांना हसू फुटलं. आयुष्यभर नाकापुढे चाललेला माणूस, पण या कटात ते बिनतक्रार सामील झाले. अळीमिळी गुपचिळी. गुरुवारी व्यायामवाल्या बाई आल्या, ताई डोळे मिटून म्हणाली, आज नको, आणि भिंगवाले खिडकीबाहेर बघत उभे राहिले, कारण बाईंकडे बघितलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं.

शुक्रवारी लिंबाचा केक झाला. ताई तीनला आडवी झाली, साडेतीनला ‘काढ’ म्हणाली, आणि उठल्यावर सांगितलं की एक फार मोठी गच्ची होती आणि तिच्यावर सगळ्यांचे कपडे वाळत होते, पण काढून घड्या घालायचं काम तिचं नव्हतं. शनिवारी बाईंसमोर तिने वॉकर धरून आठ पावलं टाकली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. या कामात धीर धरावा लागतो, असं त्या भिंगवाल्यांना म्हणाल्या. भिंगवाल्यांनी ते मान्य केलं आणि त्यांना उरलेला अर्धा केक बांधून दिला.

पुढे वॉकर गेला, काठी आली. ताईने ओटा परत ताब्यात घेतला. मीठ पुन्हा चवीपुरतं पडू लागलं. शुक्रवारची दुपार तेवढी भिंगवाल्यांची राहिली, आणि त्या दुपारी ओट्याकडे फिरकायचं नाही हा नियम ताईने स्वतःच घालून घेतला.

अशाच एका शुक्रवारी ऐन वेळी अंडी कमी पडली. भिंगवाल्यांचे हात पिठात होते. ताईने काठी घेतली, पिशवी घेतली आणि मी आणते म्हणून निघाली. तीन मजले ती एकटी उतरायची ही पहिलीच खेप. भिंगवाले पिठाच्या हातांनीच खिडकीशी आले. ती खाली दिसली, शिवणवाल्या काकूंशी दोन शब्द बोलली आणि कोपऱ्यावरून वळली.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. दुकान पाच मिनिटांवर होतं. त्यांनी हात धुतले, चपला घातल्या, पुन्हा काढल्या, आणि तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला, मध्ये मध्ये विसावत वर येणारा. ताईला धाप लागली होती. अंड्यांची पिशवी तिने त्यांच्या हातात दिली आणि काखेतून कागदात गुंडाळलेलं दुसरं काही काढलं. केकचं भांडं होतं, गोल, कडा नागमोडी, आणि बरोबर मध्यावर नळीसारखं एक आरपार भोक.

“तिकडच्या मोठ्या दुकानापर्यंत गेले होते,” ती म्हणाली. “हे मध्ये भोक कशाला असतं?”

भिंगवाल्यांनी भांडं उजेडाकडे धरून त्या भोकातून बघितलं. “माहीत नाही.”

“पुस्तकात नाही?”

“नाही.”

“मग बघू काय होतं ते,” असं म्हणून ताई आत जाऊन पलंगावर आडवी झाली.